इंचावर बिल की तयारीवर? विमानतळावरचा बर्फ हटवण्याच्या कंत्राटाचा पैसा कुठून आणायचा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वर्दळीचा विमानतळ, दोन धावपट्ट्या, बर्फ हटवायचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे. गेल्या हिवाळ्यात बिल तरतुदीच्या जवळजवळ दीडपट आलं. एअरलाइन्स म्हणतात, हा बोजा लँडिंग फीमध्ये (विमान उतरवण्याच्या आकारात) ढकलू नका. वरिष्ठ म्हणतात, सरकारी अनुदान मिळतंय का बघा. आणि कंत्राटदार सुचवतोय की पुढच्या वर्षीपासून जितके इंच बर्फ पडेल तितके पैसे, असा सरळ हिशेब ठेवू. निविदा तुम्ही दरवर्षी नवी काढता. तर हा पैसा उभा कसा करायचा, आणि वाईट हिवाळ्यासाठी राखीव निधी किती ठेवायचा?

मी वीसेक वर्षं विमानतळांची दर-आकारणी आणि कंत्राटं यांतच काढली, त्यातली निम्मी थंड प्रदेशात. त्या अनुभवावर एक गोष्ट आधीच सांगतो. पैसा कोणाच्या खिशातून येणार, याचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं. तो विमानतळ वापरणाऱ्यांकडूनच येतो; कधी थेट, कधी वळसा घालून. तुमचं खरं दुखणं वेगळं आहे. वाईट हिवाळा आला तर वाढीव खर्चाचा धक्का कोणी सोसायचा, हे तुमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून तो ज्याच्या टेबलावर बिल आलं त्याच्या, म्हणजे तुमच्या, डोक्यावर बसला.

माझं उत्तर काही बाबींवर अवलंबून आहे, त्या आधीच मांडतो. विमानतळ सरकारी मालकीचा आहे की खासगी चालकाकडे, दरांवर नियामकाचं नियंत्रण आहे का, एअरलाइन्सशी झालेला करार कोणत्या पद्धतीचा आहे, आर्थिक वर्ष कधी सुरू होतं. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा जिथे फरक पडेल तिथे मी तसं म्हणेन.

सुरुवात बर्फापासून करू, पैशांकडे नंतर येऊ. समजा धावपट्टी ३,००० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. तिच्यावर एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर हिम पडलं तर ते होतं सुमारे ३,३७५ घनमीटर. ताजं, भुसभुशीत हिम घनमीटरला साधारण १०० किलो धरा. म्हणजे तीनशे टनांच्या वर माल. ओलं असेल तर दुप्पट-तिप्पट. अमेरिकेच्या एफएएचं (तिथल्या हवाई वाहतूक नियामकाचं) मार्गदर्शन असं आहे की वर्षाला ४०,००० किंवा जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या व्यावसायिक विमानतळाने पहिल्या प्राधान्याच्या भागातला एक इंच बर्फ अर्ध्या तासात हटवता येईल इतकी यंत्रं ठेवावीत. पहिल्या प्राधान्यात नुसती धावपट्टी येत नाही. तिथून टर्मिनलपर्यंतचे टॅक्सीवे (विमानं जमिनीवरून जातात ते मार्ग) आणि अग्निशमन केंद्राचा रस्ताही त्यात धरलेला असतो.

आता अर्ध्या तासाचा अर्थ बघा. तिरपं पातं लावलेलं एक यंत्र एका फेरीत साधारण सहा मीटर पट्टा साफ करतं. पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात, म्हणून ४५ मीटरसाठी आठ यंत्रं एकामागे एक तिरक्या रांगेत धावायला हवीत. ताशी ४० किलोमीटरने तीन किलोमीटर पार करायला साडेचार मिनिटं. मागे ब्लोअर, कडेच्या दिव्यांवर साचलेला ढीग पलीकडे फेकायला. मग रसायनाचा फवारा, मग पृष्ठभागाची तपासणी. सगळं सुरळीत झालं तरी धावपट्टी पंधरा-वीस मिनिटं बंद राहते.

ही आठ यंत्रं, ते ब्लोअर आणि रात्री दोन वाजता धावपट्टीवर गाडी चालवायला पात्र असलेले चालक हिवाळ्यात पाच वादळं येवोत की पंचवीस, तेवढेच लागतात. यंत्रांची संख्या ठरते ती बर्फ किती वेगाने पडतो आणि विमानं किती मिनिटांच्या अंतराने उतरतात यावर. हंगामात एकूण किती पडला, याचा तिच्याशी फारसा संबंध नाही. म्हणून मी पाहिलेल्या प्रत्येक वर्दळीच्या विमानतळावर या कंत्राटाचा निम्म्याहून जास्त खर्च खरं तर स्थिर होता, मग बिलावर तो कोणत्याही नावाने लिहिलेला असो. तुम्ही विकत घेताय ती तयारी. आणि गंमत बघा, त्याच विमानतळावर अग्निशमन दल वर्षभर सज्ज बसलेलं असतं. यंदा आगी कमी लागल्या म्हणून कोणी त्यांचं बिल कापायला निघत नाही.

आता कंत्राटदाराच्या 'इंचावर पैसे' या प्रस्तावाकडे येतो. माझं मत स्पष्ट आहे: नको. आणि हे मी पोळून बोलतोय. एका विमानतळावर (नाव सांगत नाही) आम्ही हेच केलं होतं. कागदावर फार गोंडस दिसायचं: हवामान केंद्राची इंचांची नोंद घ्या, दराने गुणा, झालं. पहिल्या हिवाळ्यात हिम फारसं पडलंच नाही, पण तीन वेळा गोठणारा पाऊस आला. सगळ्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरसबंद भागावर, काचेसारखा थर. मोजपट्टीवर हिम शून्य इंच. कंत्राटदार म्हणाला, माझ्या करारात हे काम बसत नाही. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. शेवटी तातडीच्या दराने तासावर काम करून घेतलं, आणि तो दर नेहमीच्या कितीतरी वर होता. तहान लागल्यावर विहीर खणायची तर पाण्याचा भाव विहीर खणणाराच ठरवणार.

मराठीत आपण आकाशातून भुरभुरतं तेही बर्फ म्हणतो आणि जमिनीवर गोठलेला कडक थर तोही बर्फच. बोलण्यात ते चालून जातं, कंत्राटात ही चैन परवडत नाही. ताजं हिम, ओला चिखल, दाबून घट्ट झालेलं हिम, पारदर्शक बर्फ, दव गोठून आलेली खर, आणि वाऱ्याने शेजारच्या मैदानातून उडून आलेलं हिम या सगळ्यांवर वेगळी यंत्रं लागतात, वेगळं रसायन लागतं. वाऱ्याने उडून येणाऱ्या हिमाला तर इंच लागूच पडत नाहीत. आकाश निरभ्र असतं आणि धावपट्टी दर वीस मिनिटांनी पुन्हा पांढरी होत असते.

इतर पद्धतींचंही असंच काहीतरी आहे. नुसतं तासावर दिलं तर हळू काम करणाऱ्याला बक्षीस मिळतं. 'घटनेवर' दिलं तर घटना कधी सुरू झाली आणि कधी संपली यावर वाद. दोन वादळांमध्ये चार तासांची उघडीप असेल तर ती एक घटना की दोन, यावर मी वकिलांच्या दोन बैठका झालेल्या पाहिल्यात. संपूर्ण हंगामाची एकठोक रक्कम ठरवली तर हिशेबनीस खूश होतात, पण कंत्राटदार वाईट हिवाळ्याची भीती आधीच किमतीत घालतो आणि सौम्य हिवाळ्यातही ती तुम्ही भरता. उलट त्याने किंमत फार कमी लावली असेल तर तिसऱ्या मोठ्या वादळात त्याची यंत्रं 'दुरुस्तीला' जायला लागतात. या दुसऱ्या शक्यतेला मी जास्त घाबरतो.

म्हणून मी तीन भागांचं कंत्राट सुचवतो. पहिला भाग स्टँडबायचा: ठरलेली यंत्रं, ठरलेले प्रशिक्षित चालक, ठरलेल्या तारखांदरम्यान, बोलावल्यापासून ठरलेल्या वेळात हजर. याची मासिक रक्कम निश्चित, बर्फ पडो न पडो. दुसरा भाग कामाच्या तासांचा: यंत्रागणिक दर, हंगामाला काही किमान तासांची हमी, आणि एका मर्यादेनंतर उतरता दर, कारण तोवर त्याचा स्थिर खर्च वसूल झालेला असतो. तिसरा भाग रसायनांचा: जितकं वापरलं तितकं, खरेदीच्या किमतीला, मधे दलाली नाही. शक्य असेल तर रसायन विमानतळाने स्वतःच विकत घ्यावं. कंत्राटदाराला रसायनाच्या लिटरवर नफा मिळू लागला की धावपट्टी फार ओली राहायला लागते.

रसायनांवर जरा जास्त बोलतो, कारण इथे बचत आणि खर्च वेगवेगळ्या खिशांत जातात. रस्त्यावरचं साधं मीठ विमानतळाच्या फरसबंदीवर चालत नाही; क्लोराइडने विमानाचे धातूचे भाग गंजतात. म्हणून पोटॅशियम ॲसिटेट, सोडियम फॉर्मेट असली महागडी द्रव्यं वापरतात. पूर्वी युरिया सर्रास वापरायचे. पण तो पाण्यात जाऊन अमोनिया होतो आणि अमेरिकेत २०१२ च्या नियमांपासून मोठ्या विमानतळांना तो सोडावा तरी लागतो किंवा सांडपाण्यातली अमोनियाची मर्यादा तरी पाळावी लागते. दुसरीकडे पोटॅशियमच्या क्षारांमुळे विमानांच्या कार्बन ब्रेकची झीज वाढते. म्हणजे विमानतळाने यांत्रिक झाडणी कमी करून रसायन वाढवलं तर तुमच्या कंत्राटाचे तास घटलेले दिसतील, आणि एअरलाइन्सच्या देखभालीच्या बिलात ते कधीतरी उगवतील. त्यांचे अभियंते हे ओळखून असतात. बैठकीत तुम्ही ही गोष्ट स्वतःहून काढलीत तर पुढची चर्चा सोपी जाते.

आता पैशांचे मार्ग. त्याआधी एक कंटाळवाणं पण टाळता न येणारं काम करावं लागेल: बिलाची फोड. धावपट्ट्या आणि टॅक्सीवे एका खात्यात. एप्रन आणि विमानांचे स्टँड दुसऱ्या. मालवाहतुकीचं एप्रन तिसऱ्या. टर्मिनलसमोरचे रस्ते आणि वाहनतळ चौथ्या. आणि विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढायला जो ग्लायकॉलचा फवारा मारतात तो यात मुळीच नको. तो सहसा एअरलाइन आपल्या ग्राउंड हँडलरला (विमानाची जमिनीवरची कामं करणाऱ्या कंपनीला) वेगळा देते. वरिष्ठांच्या तोंडी या दोन गोष्टी नेहमी एक होतात, आणि मग अर्थसंकल्पाच्या बैठकीत अर्धा तास नुसता खुलासा करण्यात जातो.

ही फोड का महत्त्वाची, त्याचा एक किस्सा. मी एका विमानतळावर रुजू झालो तेव्हा वाहनतळातला बर्फ ट्रकने उचलून नेण्याचा आणि मेल्टरमध्ये वितळवण्याचा खर्च वर्षानुवर्षं धावपट्टीच्या खात्यात जात होता. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. कंत्राट एक, बिल एक, म्हणून खातं एक. एअरलाइन्सच्या लेखापरीक्षकांनी ते शोधून काढलं. पैसे परत करावे लागले ते लागलेच, पण त्यानंतर पाच वर्षं आमचा कोणताही आकडा त्यांनी एका फटक्यात मान्य केला नाही. वाहनतळाचं उत्पन्न विमानतळाला मिळत असेल तर तिथला बर्फ त्याच उत्पन्नातून उचलायचा. तुमच्या दीडपट बिलातला काही हिस्सा असा चुकीच्या घरात बसलेला निघाला तर मला नवल वाटणार नाही.

फोड झाली की धावपट्टीचा वाटा लँडिंग फीमध्ये जातो, एप्रनचा वाटा एप्रन किंवा पार्किंगच्या आकारात, मालवाहतुकीचा तिथल्या भाडेकरूंकडे. एअरलाइन्सना हे नको असलं तरी तत्त्व त्यांच्या विरुद्ध नाही. आयकाओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) धोरणात आकारांची चार सूत्रं आहेत: खर्चाशी नातं, भेदभाव नाही, पारदर्शकता, सल्लामसलत. युरोपीय संघाचा २००९ चा विमानतळ आकारांचा निर्देश वर्षाला ५० लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळांना सल्लामसलत बंधनकारक करतो. म्हणजे एअरलाइन्सना 'हा खर्च आमचा नाही' असं म्हणता येत नाही, पण 'आम्हाला न विचारता ठरवला' असं नक्की म्हणता येतं.

अमेरिकेत दोन पद्धतींचे करार दिसतात. एकात विमानतळाच्या एकूण खर्चातून इतर उत्पन्न वजा करून उरलेलं एअरलाइन्स भरतात, आणि वर्षअखेरीस ताळमेळ होतो. तिथे वाईट हिवाळ्याचा धक्का आपोआप एअरलाइन्सवर जातो. दुसऱ्यात त्या फक्त वापरलेल्या सुविधांचा खर्च भरतात आणि नफा-तोट्याची जोखीम विमानतळाकडे राहते. तुमचा करार यातला कोणता, हे आधी बघा. पहिला असेल तर गेल्या वर्षीची तूट हा वसुलीच्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे. दुसरा असेल तर मात्र खरोखरची तूट आहे.

ताळमेळाच्या पद्धतीतही एक खोच आहे, ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. लँडिंग फी म्हणजे धावपट्टीचा खर्च भागिले उतरलेल्या विमानांचं एकूण वजन. समजा अंदाज होता खर्च १०० आणि वजन १००, म्हणजे दर १. वाईट हिवाळ्यात खर्च होतो १३०. पण त्याच हिवाळ्यात उड्डाणं रद्द होतात, म्हणून वजन उतरतं ९६ वर. दर झाला १.३५. वरचा आकडा वाढतो तेव्हाच खालचा घटतो. आणि ज्या एअरलाइनने डिसेंबरमध्ये सर्वाधिक विमानं आणली ती मार्चमध्ये सेवा बंद करून निघून गेली असेल, तर तिचा वाटा उरलेल्यांवर. म्हणून वर्षअखेरची वाट न बघता हंगामाच्या मध्यावर, जानेवारीच्या शेवटी, एकदा दर तपासायची तरतूद करारात असू द्या.

उन्हाळ्यातच येणाऱ्या चार्टर कंपन्या हमखास विचारतात, आम्ही बर्फाचे पैसे का द्यायचे? प्रश्न रास्त आहे. हिवाळी अधिभार हा त्याला शोधलेला उपाय, पण मला तो आवडत नाही. एक तर ज्या महिन्यांत मागणी आधीच कमी त्याच महिन्यांत तुम्ही दर चढवता. दुसरं, उन्हाळ्यात वापरायला जो विमानतळ मिळतो तो बारा महिने चालू राहतो म्हणूनच परवडतो. मी स्टँडबायचा भाग वर्षभराच्या फीमध्ये पसरतो, आणि तास व रसायनांचा भाग हिवाळ्यातल्या उतरणाऱ्या वजनावर टाकतो. सगळेच थोडे नाराज राहतात, पण कोणी तक्रार घेऊन नियामकाकडे गेलेलं मला आठवत नाही.

आता अनुदान. इथे तुमच्या वरिष्ठांना एक अप्रिय गोष्ट सांगावी लागेल. भांडवली खर्चाला मदत आणि चालवण्याच्या खर्चाला नाही, असा बहुतेक अनुदानांचा स्वभाव असतो. अमेरिकेतला विमानतळ सुधारणा निधी याचं ठळक उदाहरण. बर्फ हटवायची यंत्रं विमानतळाने विकत घेतली तर मोठ्या आणि मध्यम 'हब' (म्हणजे प्रवासीसंख्येने वरच्या वर्गातल्या) विमानतळांना साधारण ७५ टक्के वाटा केंद्राकडून मिळू शकतो. पण चालकांचा पगार, डिझेल, रसायन, कंत्राटदाराचं बिल यांना नेहमीच्या नियमांत काही नाही. प्रवाशांच्या तिकिटावर लावला जाणारा सुविधा आकारही चालवण्याच्या खर्चाला वापरता येत नाही.

याचा परिणाम बघा. काम पूर्णपणे बाहेर दिलंत की यंत्रं कंत्राटदाराची, त्यांचा घसारा त्याच्या दरात, आणि तो दर तुमच्या चालू खर्चात. ज्या खर्चाला अनुदान मिळालं असतं तो तुम्ही स्वतःच्या हाताने अनुदान न मिळणाऱ्या खान्यात टाकलात. 'बाहेर दिलं की स्वस्त पडतं' असं दाखवणाऱ्या तक्त्यांमध्ये ही ओळ मला क्वचितच दिसते. म्हणून ज्या देशात अशी योजना आहे तिथे मी सांगतो: धावपट्टीची अवजड यंत्रं विमानतळाच्या मालकीची ठेवा, शक्यतो चालकही स्वतःचे, कारण तिथे नियंत्रण मनोऱ्याशी रेडिओवर बोलत काम करायचं असतं. एप्रन, मालवाहतूक, रस्ते, वाहनतळ हे कंत्राटदाराला द्या. तिथे त्याची साधी लोडर यंत्रं चालतात, आणि उन्हाळ्यात तो ती बांधकामावर लावून आपला खर्च भागवतो. हाच तर बाहेर काम देण्याचा खरा फायदा. एवढ्या रुंद पात्याचं धावपट्टीचं यंत्र उन्हाळ्यात कोण भाड्याने घेणार?

राखीव निधीचा आकार कसा ठरवायचा, हेही तुम्ही विचारलंय. हिशेबासाठी दहा हिवाळ्यांचे काल्पनिक आकडे घेऊ, चढत्या क्रमाने: ६२, ७१, ७४, ८०, ८५, ९०, ९८, ११०, १४५, १८५. सरासरी बरोबर १००. पण मधला आकडा ८७.५ आहे. म्हणजे तुम्ही सरासरीएवढी तरतूद केलीत तर दहापैकी सात वर्षं पैसे उरतात, आणि प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतं, 'एवढी तरतूद कशाला?' तीन-चार वर्षं असं झालं की तरतूद ८५ वर येते. मग १४५ चा हिवाळा उगवतो. जवळजवळ प्रत्येक विमानतळावर मी हाच क्रम पाहिलाय.

त्यामुळे तरतूद सरासरीएवढीच ठेवा आणि उरलेला पैसा इतरत्र न वळवता बर्फाच्या राखीव निधीत टाका. किती साठवायचा? वरच्या आकड्यांतले दोन वाईट हिवाळे लागोपाठ आले तर तूट ४५ अधिक ८५, म्हणजे १३०. तेवढा निधी पडून ठेवायला एअरलाइन्स तयार होणार नाहीत, कारण तो त्यांचाच पैसा आहे. मी सहसा एका वाईट हिवाळ्याइतकी, म्हणजे ८०-९० ची मर्यादा ठेवतो. त्यावरचं परत करायचं, आणि निधी संपला तर पुढची तूट दोन वर्षांत वसूल करायची, हे आधीच करारात लिहून घ्यायचं. तुमचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होत असेल तर आणखी काळजी घ्या: एका वर्षात दोन अर्धे हिवाळे येतात, आणि नोव्हेंबरपर्यंत सगळा पैसा संपलेला असतो. बर्फाचा हिशेब जुलै ते जून असा वेगळा ठेवा, मुख्य खात्यात तो कसाही दिसो.

हिमवृष्टीचा विमाही मिळतो. ठरलेल्या इंचांच्या वर गेलं की पैसे. मी एकदाच घेतला. अडचण तीच, इंचांची: गोठणाऱ्या पावसाच्या हिवाळ्यात खर्च कळसाला आणि विमा गप्प.

इथवरचं दोन वाक्यांत: तयारीचा खर्च निश्चित धरून वर्षभराच्या आकारात, कामाचा आणि रसायनांचा खर्च हिवाळ्यातल्या वापरावर, चढउतार निधीतून आणि मधल्या दर-तपासणीतून. आणि हे सगळं बिलाची फोड केल्यानंतर.

राहिला एअरलाइन्सचा विरोध. त्यांना खर्च कमी करायचा असेल तर सेवेची पातळी त्यांनीच निवडावी. मी एकदा तीन पर्याय मांडले होते: धावपट्टी ३० मिनिटांत, ४५ मिनिटांत, ६० मिनिटांत; प्रत्येकाची किंमत आणि प्रत्येकात ताशी किती विमानं उतरू शकतील याचा अंदाज. एकाच एअरलाइनच्या वित्त विभागाने ६० वर खूण केली आणि उड्डाण नियोजनाने ३० वर. त्यांची आपसातली बैठक आमच्याशी झालेल्या बैठकीपेक्षा लांबली. शेवटी त्यांनी ३० निवडलं, स्वतःच्या सहीने. त्यानंतर खर्चावर वाद झाले, पण तो खर्च मुळात का, हा प्रश्न पुन्हा आला नाही.

पातळी निवडताना धावपट्टीइतकंच लक्ष स्टँडवर द्या. १८ डिसेंबर २०१० ला हीथ्रोवर बर्फ पडला, आणि पुढच्या पाच दिवसांत ४,००० हून अधिक उड्डाणं रद्द झाली. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने डेव्हिड बेग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली, मार्च २०११ मध्ये अहवाल आला. त्या संकटात उभ्या विमानांभोवती स्टँडवर साचून गोठलेला बर्फ फार मोठं दुखणं ठरला. धावपट्टी साफ असूनही विमान जागचं हलत नसेल तर ती साफ करण्याचा उपयोग शून्य. आणि स्टँड हाच बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा भाग असतो. उभ्या विमानाखाली मोठं यंत्र जात नाही, तिथे माणसं आणि छोटी यंत्रं लागतात. काटकसर करायची वेळ आली की सगळ्यात आधी हीच माणसं कापली जातात.

कामगिरी मोजायचं एक पथ्य आहे. नोव्हेंबर २०२१ पासून आयकाओच्या जागतिक पद्धतीनुसार धावपट्टीचे तीन समान भाग धरून प्रत्येक भागाला ० ते ६ असा स्थितीचा अंक दिला जातो, आणि वैमानिक त्यावर उतरायचं अंतर काढतो. कंत्राटदाराचा बोनस या अंकाशी जोडायचा मोह होतो. जोडा हवं तर, पण अंक देणारा माणूस विमानतळाचाच हवा. ज्याचा बोनस अंकावर अवलंबून त्यानेच अंक द्यायचा, ही व्यवस्था हिशेबातही वाईट आणि सुरक्षेतही. डिसेंबर २००५ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फाळ धावपट्टीवरून एक विमान थेट रस्त्यावर गेलं आणि गाडीतला एक लहान मुलगा दगावला; त्यानंतरच अमेरिकेत धावपट्टीची स्थिती कळवायची पद्धत मुळापासून तपासली गेली.

शेवटचा मुद्दा मुदतीचा. तुम्ही दरवर्षी नवी निविदा काढता. एका वर्षाच्या कंत्राटावर कोणी नवं यंत्र विकत घेत नाही. जुनं घेतो, किंवा यंत्राची सगळी किंमत त्याच वर्षात लावतो. पाच ते सात वर्षांची मुदत द्या, मधे बाहेर पडायच्या अटी कडक ठेवा, आणि निविदा वसंतात उघडा. यंत्रं मागवून यायला महिने लागतात, चालकांना एअरसाइडचा (विमानतळाच्या आतल्या, विमानांच्या भागात गाडी चालवायचा) परवाना मिळायला आठवडे. मी सप्टेंबरमध्ये सही झालेली कंत्राटं पाहिलीत. त्या हिवाळ्यात पहिल्या हिमवृष्टीला आलेले निम्मे चालक टॅक्सीवेच्या खुणांची नावं एकमेकांना विचारत होते.